मदत हवी आहे: उजवीकडे वळताना पुढच्या चाकातून कट-कट आवाज (सातारा)

कासवाट

नमस्कार मंडळी. गाडीच्या आवाजाबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे.

गाडी 2014 ची छोटी डिझेल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग. 1,10,000 किमी झालेत. मी शिक्षिका आहे. शाळा कासच्या रस्त्यावरच्या एका गावात, म्हणजे समर्थ मंदिराकडून यवतेश्वर घाट चढून रोज जाणं-येणं. पाऊस सुरू झाल्यापासून घाटातल्या उजव्या वळणावर पुढून कट-कट-कट असा आवाज येतो. ॲक्सिलरेटर दिला की स्पष्ट ऐकू येतो, गाडीचा वेग वाढला की कट-कटही भरभर होते. डावं वळण घेताना जवळपास काहीच नाही. सरळ रस्त्यावर, अगदी हायवेला शेंद्रेपर्यंत गेले तरी गाडी शांत असते.

इथल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी गाडी वर न घेताच सांगितलं, "मॅडम, स्टिअरिंग रॅक गेलाय, दोन्ही ड्राइव्ह शाफ्टपण बदलून टाकू." खर्च 32,000. खर्च करायची तयारी आहे, पण नेमकं काय बिघडलंय ते कळल्यावर. सासूबाईंना गुडघ्याच्या तपासणीसाठी याच गाडीतून न्यावं लागतं, त्यामुळे गाडी भरवशाची हवी. दुसरीकडे नेण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल? आणि तोवर घाटात चालवावी का?

नटबोल्ट (कराड)

ताई, वर्णन इतकं नेमकं लिहिलंय की अर्धं काम झालंय. तरी खात्रीसाठी काही गोष्टी करून बघा.

गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन चालू करा आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. तेव्हा टुंग्ग किंवा कर्र असा आवाज आला तर शॉकॲब्सॉर्बरच्या वरचं स्ट्रट माउंट, त्यातलं बेअरिंग बघावं लागेल. मग एखाद्या मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे धरून पहिल्या गिअरमध्ये सावकाश गोल फिरा, काचा खाली, आणि कोणाला तरी बाहेर उभं करून ऐकायला सांगा. कट-कट चालू असतानाच क्लच दाबा. क्लच दाबल्यावर आवाज कमी झाला किंवा बंद पडला, तर तो इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या भागातून, म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट किंवा त्याच्या सांध्यातून येतोय. रॅक फक्त स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेतो, त्याला क्लचशी काही देणंघेणं नाही.

शेवटचं, टॉर्च घेऊन बूट बघा. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी बंद करा, हँडब्रेक ओढा. चाकामागं बघायला जागा होते, जॅक लावायची गरज नाही. शाफ्ट चाकात शिरतो तिथे घड्या घड्यांचं काळं रबर दिसेल, तोच बूट. फाटलाय का, आजूबाजूला ग्रीस उडालंय का, एवढं बघा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही जाऊ नका.

माहुली

माझ्या गाडीला वळताना आवाज यायचा तो चाकाच्या बेअरिंगचा निघाला. मॅडम, तेही बघून घ्या.

कृष्णाकाठ (सांगली)

माहुलीकर, बेअरिंगचा आवाज वेगळा असतो. तो कट-कट करत नाही. 50-60 च्या वेगाला घूंऽऽ असा सलग घुमतो आणि सरळ रस्त्यावरही येतो. उजवीकडे वळलं की वजन डाव्या चाकावर जातं, म्हणून डावं बेअरिंग खराब असेल तर तेव्हा घूं वाढतं. ताईंची गाडी सरळ शांत चालते म्हणतात, तेव्हा बेअरिंगचा संशय मला कमी वाटतो.

सांगलीत माझं गॅरेज आहे. माझा अंदाज डाव्या बाजूच्या बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा, म्हणजे चाक वळलं तरी शाफ्टची ताकद चाकाला देत राहणाऱ्या सांध्याचा. मैदानातलं काय झालं ते कळवा, मग सविस्तर लिहितो.

कासवाट

सगळ्यांचे आभार. रविवारी यजमानांना बाहेर उभं केलं आणि सांगितलं तसं करून पाहिलं.

जागेवर स्टिअरिंग फिरवताना काहीच आवाज नाही. पूर्ण उजवीकडे गोल फिरताना कट-कट चालू, क्लच दाबला की जवळजवळ गायब. पुन्हा ॲक्सिलरेटर दिला की सुरू. यजमान म्हणाले आवाज डाव्या चाकातून येतोय.

मग बूट पाहिला. डाव्या बाजूच्या बुटाला मधल्या घडीत बोटभर चीर आहे. चाकाच्या रिमची आतली बाजू काळ्या ग्रीसने माखलीय आणि त्यावर कासच्या रस्त्याची तांबडी माती बसून थर झालाय. चिरेपाशी असलेलं ग्रीस दोन बोटांत चोळलं तर रेतीसारखं कचकचलं. उजव्या बाजूचा बूट फाटलेला नाही, रिमही कोरडी.

आता पुढे काय? नवा बूट आणि ग्रीस भरून भागेल का?

कृष्णाकाठ (सांगली)

ताई, ते कचकचणं म्हणजे निदान झालंच.

या जॉइंटच्या आत सहा पोलादी गोळ्या असतात, खोबणीत बसवलेल्या. गाडी सरळ चालते तेव्हा त्या जवळपास एका जागी राहतात. चाक वळलं की शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात त्या खोबणीत पुढे-मागे सरकतात. बूट शाबूत असेल तर हे सगळं ग्रीसमध्ये चालतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. बूट फाटला की ग्रीस फेकलं जातं, पाणी आणि माती आत शिरते, खोबणी झिजते आणि गोळी सरकताना ठोका बसतो. म्हणून आवाज वळणावरच येतो, आणि ताकद दिली की जास्त येतो. 2019 च्या पुरानंतर आमच्याकडे आलेल्या गाड्यांत फाटक्या बुटातून नुसता गाळ निघत होता. त्यातला एकही जॉइंट धुऊन वाचला नाही.

फाटलेला बूट आवाज सुरू व्हायच्या आधी दिसला तर सफाई करून नवा बूट आणि ग्रीस पुरतं. कट-कट सुरू झाली म्हणजे धातू झिजला. नव्या ग्रीसने काही दिवस आवाज दबेल, झीज भरून येणार नाही. डावा बाहेरचा जॉइंट बुटासकट बदला. आतला, म्हणजे गिअरबॉक्सकडचा जॉइंट आणि शाफ्ट ठीक असेल तर पूर्ण शाफ्ट लागत नाही.

रॅकबद्दल: गाडी नीट उचलून स्टँडवर घेतली की मेकॅनिकला चाक घड्याळाच्या तीन आणि नऊवर धरून हलवायला सांगा. तिथे खेळ, म्हणजे ढिलेपणा असेल तर टाय रॉड (रॅक आणि चाक जोडणारा दांडा) किंवा रॅककडे बघायचं. बारा आणि सहावर खेळ असेल तर बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा गोळीचा सांधा) किंवा बेअरिंग. दोन्हीकडे खेळ नसेल तर तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवर रॅकला हात लावायचं मला एकही कारण दिसत नाही.

आणि घाटाचं. हे जरा काळजीपूर्वक वाचा. जॉइंट फारच झिजून तुटला तर स्टिअरिंग आणि ब्रेक चालतात, पण इंजिनची ताकद कोणत्याच चाकाला पोचत नाही, कारण डिफरन्शियल (दोन्ही चाकांत ताकद वाटणारा भाग) सगळी ताकद तुटलेल्या बाजूला वाया घालवतं. म्हणजे चढावर गाडी थांबेल. उतारावर त्याहून वाईट, कारण गिअरचा ब्रेक नाहीसा होतो आणि सगळा भार पायातल्या ब्रेकवर येतो. गाडी गिअरमध्ये उभी केली तरी धरणार नाही, फक्त हँडब्रेक धरेल. रोज आवाज वाढत असताना यवतेश्वर घाट उतरू नका. काम होईपर्यंत एसटीने जा.

नटबोल्ट (कराड)

कामाला टाकाल तेव्हा उभं राहून घ्या, ताई. हबचा मोठा नट नवा टाकायला लावा, जुना परत वापरू नये, आणि तो टॉर्क रेंचने कंपनीच्या मापात आवळायचा. शाफ्ट गिअरबॉक्समधून काढला तर गिअर ऑइल सांडतं, ते भरल्याशिवाय गाडी हलवू द्यायची नाही. काही गाड्यांत एबीएसची (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) दातेरी रिंग जॉइंटवरच असते. नव्या जॉइंटवर ती जुळतेय ना ते बघा, नाहीतर मीटरवर एबीएसचा दिवा लागून राहतो. जुना माल सोबत घरी आणा.

कासवाट

काम झालं. एमआयडीसीतल्या दुसऱ्या मेकॅनिककाकांकडे नेली. त्यांनी गाडी वर घेऊन तीन-नऊ, बारा-सहा सगळं करून दाखवलं. कुठेही खेळ नाही. रॅक ठणठणीत. डावा बाहेरचा जॉइंट, बूट, नवा हब नट, गिअर ऑइलची भर, मजुरी आणि अलाइनमेंट मिळून 5,400 झाले. जुना जॉइंट काकांनी उघडून दाखवला. खोबणीत बोट फिरवलं तर मधोमध खड्डा स्पष्ट लागतो.

काल सासूबाईंना घेऊन घाट चढून आले. उजव्या वळणावर आता काहीही आवाज नाही. आपण सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत, मनापासून आभार.

एकच शंका उरलीय. वर घेतल्यावर उजव्या बुटावर बारीक तडे दिसले, आरपार फाटलेला नाही. ग्रीसही बाहेर नाही. तो आत्ताच बदलू की चालू द्यावा?

कृष्णाकाठ (सांगली)

आत्ताच बदला. आत ग्रीस चांगलं आहे, जॉइंट वाजत नाही, म्हणजे नुसत्या बुटाच्या आणि ग्रीसच्या खर्चात काम होईल. दिवाळीपर्यंत थांबलात तर तोवर त्या रस्त्याची माती आत गेलेली असेल. आणि उघडताना आतल्या बाजूच्या (गिअरबॉक्सकडच्या) बुटावरही एकदा टॉर्च मारायला सांगा.