१६०० मीटर पळून झालं की पोटात कळ येते, मळमळतं. काय करावं?

बार्शीकडचा_पोरगा
नमस्कार मंडळी. पोलीस भरतीची तयारी चालू आहे, गावातून रोज पहाटे बार्शीला ग्राउंडवर येतो. १६०० आता साडेपाच मिनिटाच्या आत यायला लागलंय, ५ मिनिटं १० सेकंदात बसलं की पूर्ण २० मार्क, त्यामुळं सध्या सगळा जोर तिथंच लावलाय. अडचण अशी की शेवटचा राऊंड फुल मारून लाईन क्रॉस केली की लगेच बेंबीच्या वर कळ यायला लागते, तोंडाला पाणी सुटतं, कधी उलटी पण होते आणि मग अर्धा पाऊण तास वाकून बसावं लागतं. नंतर १०० मीटर आणि गोळाफेक असते ते करतो तसंच पण अंगात काही राहिलेलंच नसतं. कधी कधी पळता पळताच उजव्या बरगडीखाली चमक भरते, ती थांबलं की जाते.
पहाटे उठून एक ग्लास दूध, त्यात दोन कच्ची अंडी, दोन केळी आणि रात्री भिजवलेले हरभरे शेंगदाणे खातो, अर्ध्या तासात ग्राउंडवर. अकॅडमीतले सर म्हणतात सवय होईल, आई म्हणते पित्त आहे, एक मित्र म्हणतो ईनो पिऊन पळ. ग्राउंडची (मैदानी चाचणीची) तारीख कधीही पडेल, लय टेन्शन आलंय. कुणाला असं झालं असेल तर सांगा प्लीज.

शिपाई_२०१८_बॅच
भावा आधी ते हरभरे शेंगदाणे पळायच्या आधी खाणं बंद कर. खायचे नाहीत असं नाही, ग्राउंडवरून आल्यावर खा, तेव्हाच त्यांचा उपयोग आहे. कडधान्य पोटात गेल्यावर गॅस होणारच आणि शेंगदाण्यात तेल, दुधात साय, हे सगळं जठरातून खाली सरकायला दोन तीन तास घेतं, तू अर्ध्या तासात पळायला लागतोस म्हणजे भरल्या पोटानंच पळतोयस की. पहाटे फक्त एक केळं किंवा दोन खजूर किंवा अर्धी पोळी गुळासोबत, ते पण तास सव्वा तास आधी, आणि पाणी घोट घोट. दूध अंडी नंतर, आणि अंडी उकडून खा. कच्च्या अंड्यातलं प्रोटीन जवळपास निम्मंच अंगाला लागतं, उकडलेल्याचं ९० टक्क्यांच्या आसपास लागतं, वरनं कच्च्यातनं जंतूंचा धोका आहे तो वेगळा. सगळ्या अकॅडम्यांत पोरं कच्ची अंडी पितात, कुणी सांगतच नाही त्यांना.
दुसरं, लाईन क्रॉस केल्यावर तू काय करतोस? माझा अंदाज आहे की गुडघ्यावर हात ठेवून थांबतोस नाहीतर खाली बसतोस. तसं नको. श्वास कितीही लागला तरी चालत राहा, पाच दहा मिनिटं हळू चाल. एकदम थांबलं की रक्त पायात साठतं, चक्कर आणि मळमळ तिथनंच जास्त येते. आणि लगेच गार पाण्याची बाटली तोंडाला लावून अर्धी संपवायची नाही.
ईनोचा नाद सोड, त्यानं पोटात गॅसच होतो.

डॉ_ग्रामीण
वरच्या भाऊंनी चांगलं सांगितलंय. मी जनरल प्रॅक्टिस करतो, माझ्याकडे भरतीची मुलं बरीच येतात. बार्शीच्या मित्रा, पुढचं बोलायच्या आधी काही प्रश्न आहेत. ही कळ फक्त फुल जोरात पळल्यावरच येते का, की आरामात जॉगिंग केलं तरी येते? रात्री झोपेतून जाग येईल अशी कळ येते का? काही गोळ्या चालू आहेत का, विशेषतः दुखण्याच्या? शीचा रंग काळा आहे का? घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास झालाय का? हे मोकळेपणानं सांग, लाजू नकोस.

बार्शीकडचा_पोरगा
डॉक्टर साहेब धन्यवाद. जॉगिंगला काही होत नाही, फुल मारलं तरच होतं. पण आठवड्याभरापासून सकाळी उपाशीपोटी पण छातीच्या खाली जळजळतं. शी नॉर्मल आहे. घरात हार्टचं कुणाला नाही. गोळ्या म्हणाल तर नळी (गुडघ्याखालचं पुढचं हाड) दुखते दोन्ही पायांची, त्यासाठी मेडिकलवाल्यानं दिलेली डायक्लोची गोळी पळायच्या आधी घेतो, अकॅडमीत बरेच जण घेतात. त्याचा काय संबंध असेल का?

डॉ_ग्रामीण
संबंध आहे आणि मोठा आहे. यात दोन तीन गोष्टी एकत्र आल्यात असं मला वाटतं.
पहिली म्हणजे जी सगळ्यांनाच होते. जीव तोडून पळताना पायांना आणि हृदयाला रक्त लागतं, ते शरीर पोटाकडून काढून घेतं. जोर खूप असेल तर जठर आतड्याकडचं रक्त ८० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं. आत जे अन्न आहे ते तिथंच पडून राहतं, वर धक्के बसत असतात, त्यात पाच मिनिटाच्या फुल स्पीडला रक्तात आम्ल वाढतं त्यानं मळमळतं. एवढंच असेल तर खाण्याची वेळ बदलून आणि नंतर चालत राहून बराच फरक पडतो.
दुसरी गोष्ट ती गोळी. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गटातल्या गोळ्या दुखणं कमी करतात ते शरीरातला एक पदार्थ बनणं अडवून, आणि नेमका तोच पदार्थ जठराच्या अस्तराला सांभाळतो आणि किडनीचा रक्तपुरवठा नीट ठेवतो. म्हणजे जेव्हा पोटाला आधीच रक्त कमी पोचतंय, घाम जातोय, त्याच वेळेला आपण त्याचं संरक्षण काढून घेतोय. उपाशीपोटी होणारी जळजळ मला त्याच्यामुळेच वाटते. ती गोळी आजपासून बंद कर आणि डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखव, जठराला सूज किंवा अल्सर आहे का ते बघायला पाहिजे. इथे बसून मी औषध लिहून देणार नाही.
आणि नळीचं दुखणं गोळीनं झाकून पळणं फार धोक्याचं. नळीच्या हाडावर बोट फिरवून बघ, लांबवर सगळीकडे दुखत असेल तर एक गोष्ट, पण एकाच ठिकाणी बोट टेकवलं की कळ उठत असेल तर तिथं हाडाला बारीक तडा असू शकतो, सुरुवातीला एक्स-रेमध्ये पण दिसत नाही तो. अशा पायावर पळत राहिलास तर हाड पूर्ण मोडून भरतीच हातची जाईल. डांबरी रस्त्याऐवजी मातीवर पळ, काही दिवस अंतर कमी कर.
उजव्या बरगडीखालची चमक साधी आहे. पोटाच्या आतल्या पडद्याचं घर्षण हे त्याचं कारण बहुतेक मानतात. पोट भरलेलं असेल किंवा गोड सरबत पिऊन पळलं की जास्त येते, काहींना त्याच बाजूच्या खांद्याच्या टोकाला पण दुखतं. स्पीड कमी कर, पोट फुगवून खोल श्वास घे, तिथं हातानं दाबून थोडं पुढं वाक, जाते.
आता हे नीट वाच, इतर मुलांनी पण वाचा. पोटदुखीसोबत छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम असेल तर वय २२ असो की ४२, लगेच दवाखाना. शीतून रक्त किंवा डांबरासारखी काळी चिकट शी, कॉफीच्या रंगाची उलटी, बेंबीपासून सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलेलं दुखणं आणि ताप, लघवी कोकच्या रंगाची होणं, जांघेत खोकल्यावर येणारा फुगवटा (७.२६ किलोचा गोळा फेकणाऱ्यांनी हे बघायचंच), यातलं काहीही असेल तर ‘सवय होईल’ म्हणून बसायचं नाही. सिटअप्स मारल्यावर दुसऱ्या दिवशी हसताना खोकताना पोट दुखतं ते स्नायूंचं असतं, दोन तीन दिवसात जातं, त्याला घाबरू नका.

वर्दी_हवीच
डॉक्टर, माझं ८०० मीटर आहे. मला फुल पळल्यावर ओटीपोटात दुखतं, पाळीच्या दिवसात तर उभं राहवत नाही. लोहाच्या गोळ्या चालू आहेत त्यानं पण मळमळतं आणि शी काळी होते, ती काळजीची आहे का? आणि ओआरएस पिऊन पळलं तर चालेल का?

डॉ_ग्रामीण
ताई, लोहाच्या गोळीनं शी काळपट होते, ती घाण वासाची आणि चिकट नसेल तर घाबरू नका. गोळीनं मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या, आणि चहा त्याच्या आसपास नको, चहानं लोह अंगी लागत नाही. हिमोग्लोबिन १२ च्या खाली आहे का ते तपासून घ्या, रक्त कमी असेल तर ८०० चा टायमिंग कितीही प्रॅक्टिस केली तरी सुधारत नाही. पाळीत उभं राहवत नाही इतकं दुखणं अंगावर काढायचं नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. पाळी चुकलेली असेल आणि एका बाजूला जोरात दुखलं तर त्याच दिवशी. पाळीसाठी मेफेनॅमिक ॲसिडची गोळी मिळते ती पण त्याच दुखण्याच्या गोळ्यांच्या गटातली, उपाशीपोटी घेऊन पळायचं नाही.
ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच टाकायचं, सगळं. मुलं एका ग्लासात कालवून पितात, एवढं घट्ट पाणी आतड्यात उलट पाणी ओढून घेतं आणि पोट जास्त बिघडतं. आणि ८०० किंवा १६०० च्या आधी त्याची गरज नाही, साधं पाणी पुरतं. मेडिकलमध्ये टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएस नाव लावून विकायचे, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयनं (खाद्यपदार्थांवर लक्ष ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) ते नाव वापरायला मनाई केली, त्यामुळे पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का ते बघून घ्या.

बार्शीकडचा_पोरगा
डॉक्टर साहेब लय उपकार झाले, उद्याच दवाखान्यात जातो आणि गोळी बंद. शिपाई दादा एक विचारायचं होतं, तास सव्वा तास आधी खायचं ते ठीक आहे पण भरतीच्या दिवशी पहाटे बोलवतात आणि नंबर कधी लागेल ते माहीतच नसतं, मग केव्हा खायचं?

शिपाई_२०१८_बॅच
हाच खरा प्रश्न आहे भावा, पोरं वर्षभर पळतात आणि त्या दिवशी खाण्यातच मार खातात. कागदपत्रं, उंची, छाती यात नंबर कुणाचा सकाळी लवकर तर कुणाचा ऊन चढल्यावर लागतो. आदल्या संध्याकाळी लवकर वरणभात नाहीतर खिचडी, एवढंच. गाडीवरचा वडापाव, रस्सा, नवीन जागचं काहीही त्या रात्री नको, पोरं स्टँडवर झोपतात आणि जे मिळेल ते खातात तिथंच घोळ होतो. घरनं डब्यात पोळी गूळ, केळी, खजूर घेऊन जा. पहाटे थोडं खा आणि मग नंबर लागेपर्यंत तासाभरानं दोन खजूर किंवा अर्धं केळं, दोन घोट पाणी, असं चालू ठेव. पोट रिकामं पण नको आणि भरलेलं पण नको. १६०० च्या लाईनकडे न्यायला लागले की काही खायचं नाही. हे सगळं आधी प्रॅक्टिसला चार पाच वेळा करून बघ, म्हणजे तीन तास थांबून मग फुल १६०० मारायचं, पोट काय म्हणतं ते कळेल. जिथं जाशील तिथं १६०० आधी की गोळा आधी ते बदलू शकतं, आदल्या दिवशी ग्राउंड झालेल्या पोरांना गेटवर विचारून घे. आणि चेस्ट नंबर लावायच्या आधी संडासला जाऊन ये, एकदा लाईनीत बसवलं की उठू देत नाहीत.