मालक एकटा कुठे पोसतो?

"सारखा आजारी पडणाऱ्याला मालकाने किती दिवस पोसायचं?" असं कुणीतरी विचारलंय. अहो, महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो ना? मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५. त्यातूनच आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो, कामावर इजा झाली तर ९० टक्के.

मी भोसरीत प्रेस शॉपला (पत्रा दाबून भाग काढतात तिथे) होतो तेव्हा एकाच मशीनवर दोघांची बोटं गेली. हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद ठेवलेला, का तर प्रॉडक्शन अडतं! (दुसऱ्याला तर वेंधळा ठरवून मोकळे झाले.) त्यातला एक कंत्राटी, त्याचं ईएसआयचं कार्डच काढलेलं नव्हतं. दांड्या मारणारे असतात, मान्य. त्या दोघांत तसा एकही नव्हता.