आठवीपासून आठवड्याचा एक दिवस हातकामाला द्यावा का?

शिवारकर (धागाकर्ता)

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये मान्य केलेल्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांमध्ये चौथे उद्दिष्ट शिक्षणाचे आहे. रोजगाराला उपयोगी पडणारी कौशल्ये आणि शाश्वत जगण्याचे ज्ञान २०३० पर्यंत तरुणांपर्यंत पोहोचवावे, असे त्यात म्हटले आहे. आपल्या बहुतेक शाळांमध्ये मात्र याचा अर्थ पर्यावरण दिनाची प्रभातफेरी आणि कुठून तरी उतरवून काढलेली प्रकल्पवही एवढाच उरला आहे. माझे म्हणणे असे आहे की आठवी ते दहावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एक पूर्ण दिवस हाताने करायचे काम द्यावे आणि ते काम गावाच्या खऱ्या गरजेतून निवडलेले असावे.

हे आपल्याकडे घडलेले आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून आकाराला आलेला 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषय पुढे राज्यातील अनेक माध्यमिक शाळांमध्ये गेला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे त्याचे चार भाग आहेत. मुले वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, माती तपासतात आणि गावकऱ्यांची लहानसहान कामे मोबदला घेऊन करून देतात. काम बिघडले तर ते गिऱ्हाईक परत पाठवते. परीक्षेतील गुणांपेक्षा ही कसोटी मला जास्त खरी वाटते.

आज याची निकड वाढली आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेमुळे शिवारात सौरपंप वाढत आहेत. पंप बंद पडला की पाच वर्षांच्या हमीच्या भरवशावर शेतकरी तक्रार नोंदवतो आणि ऐन रब्बीत माणसाची वाट पाहत बसतो. दोष पुष्कळदा किरकोळ असतो. कधी पॅनेलवर धुळीचा थर असतो, कधी एखादा जोड सैल झालेला असतो, तर कधी उंदराने केबल कुरतडलेली असते. तो ओळखणारे दोन-तीन तरुण गावातच असले पाहिजेत.

गणितवाला

हेतू चांगला आहे, पण क्रम चुकतो आहे. मुलांना काय येते हे तपासणाऱ्या 'असर'च्या जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात १४ ते १८ वयोगटातील मुलांची पाहणी आहे. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित त्यांतील जेमतेम ४३ टक्के मुलांना जमले आणि सुमारे एक चतुर्थांश मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत सहज वाचता आला नाही. ज्याला भागाकार येत नाही तो पंपाच्या पुस्तिकेतील कोष्टक कसे वाचणार? आज शिकवलेली यंत्रे दहा वर्षांत बदलतील. वाचन आणि हिशेब आयुष्यभर पुरतात, म्हणून भविष्यातली कौशल्ये म्हणायची तर तीच. त्यांच्यासाठी आधीच अपुऱ्या पडणाऱ्या वेळातून आठवड्याचा एक दिवस काढून घेण्याला माझा विरोध आहे.

आणखी एक गोष्ट गांभीर्याने घ्यावी. एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलांमध्ये काही शे व्होल्टचा विजेचा एकदिश (डीसी) दाब असतो आणि ऊन आहे तोवर पॅनेलकडून येणारा तो दाब बंद करता येत नाही. चौदा वर्षांच्या मुलांना त्यात हात घालू देणे मला मान्य नाही.

शिवारकर

सुरक्षिततेचा मुद्दा पूर्ण मान्य. शाळेत धूळ पुसणे, नोंदी ठेवणे आणि कमी दाबाच्या एकाच पॅनेलवर विजेची मापे घेणारे मल्टिमीटर धरायला शिकणे एवढेच असावे. चालू पंपाचे काम आयटीआयनंतरचे.

भागाकाराबाबत मात्र मी उलट म्हणेन. वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवूनही तो आलेला नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी. हजार हेक्टरच्या शिवारात ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ते पाणी ५०० कोटी लिटर होते. त्यातले वाहून किती गेले, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, रब्बीला किती उरेल, हा हिशेब वर्गाने मांडून ग्रामसभेपुढे ठेवावा. हिवरे बाजारमध्ये गाव दरवर्षी पाण्याचा असा ताळेबंद मांडते आणि पाऊस कमी असेल तर पिके बदलते. या हिशेबात चूक झाली तर कुणाचा तरी गहू वाळतो, हे कळलेले मूल गुणाकार-भागाकार जीव लावून करते.

उंबरठा

दोघांनीही एक प्रश्न टाळला आहे. हातकाम शिकायचे कुणाच्या मुलांनी? १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या गांधीजींच्या नई तालीममध्ये सगळ्यांच्याच मुलांनी हस्तोद्योगातून शिकावे अशी कल्पना होती. ज्यांना परवडत होते त्यांनी आपली मुले इंग्रजी शाळांकडे वळवली. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शिकण्याची तरतूद आहे. शहरातल्या खासगी शाळेत ती हौसेची सहल ठरेल आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत तोच मुलांचा भविष्यकाळ ठरवला जाईल. ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या जातीने नेमून दिलेल्या हातकामात गेल्या, त्या घरांनी मुलाला शाळेत धाडले ते त्यातून सुटण्यासाठी. त्यांना 'शाश्वत विकासासाठी पुन्हा पाना हातात घे' असे सांगण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? हा विषय सक्तीचा करायचा असेल तर पुण्या-मुंबईच्या महागड्या शाळांपासून सुरुवात करा.

शिवारकर

सर्व मंडळांच्या सर्व शाळांना सक्ती, ही अट मला मान्य आहे. किंबहुना तिच्याशिवाय मी हा प्रस्ताव मांडणारच नाही. शहरातल्या मुलांनी आपल्या सोसायटीचे वीजबिल, बोअरवेलची पातळी आणि ओल्या कचऱ्याचा हिशेब मांडावा. पाना हातात घेणारा आणि आराखडा काढणारा यांच्यातली भिंत दोन्ही बाजूंनी पाडावी लागेल.

गणितवाला

पाण्याचा ताळेबंद गणिताच्या तासाला घ्या, त्याला माझी हरकत नाही. पूर्ण दिवसाला आहे. शिवाय हे शिकवणार कोण? शाळांमधले व्यवसाय प्रशिक्षक बहुतांशी कंत्राटावर असतात. ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे ठाऊक नाही, तो तीन वर्षांचा अभ्यासक्रम कसा उभा करील? आधी त्यांची कायम पदे मंजूर करून घ्या, मग वेळापत्रकावर बोलू.