मदत हवी आहे: मोबाइल स्टार्टरचा कोड ग्राहकाला द्यावा लागतो का?

कुपवाडकर
शेतीपंप फोनवरून चालू-बंद करणारा मोबाइल स्टार्टर बनवलाय. ईएसपी३२ (कंट्रोलर चिप), ४जी मोडेम, टाकीच्या लेव्हलसाठी लोरा (लांबवर जाणारा रेडिओ). पुढच्या आठवड्यात तासगावच्या डीलरकडे २५ नग जायचेत आणि आता पार्टनर म्हणतो, ओपन सोर्स वापरलंय तर सगळा कोड उघडा करावा लागेल. हो की नाही, एवढंच सांगा.

मिरजेचा_सोल्डर
लायब्ररी कुठल्या ते लिहा आधी. नुसत्या ‘ओपन सोर्स’वर काय सांगणार?

प्रोटो_सातारा
आर्डुइनो सोडा, ईएसपी-आयडीएफवर (चिपच्या कंपनीचीच कोड लिहायची साधनं) या. लायसन्स अपाचे २.० आहे, आपला कोड उघडा करावा लागत नाही, डोक्याला ताप नाही.

एमआयडीसी_भाऊ
सर्किट बोर्ड किकॅडमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) काढला असेल तर तोही उघडा करावा लागतो हं.

मिरजेचा_सोल्डर
भाऊ, काहीही! किकॅड जीपीएल आहे (असा कोड आपल्या कोडात जोडून वाटला तर आपलाही सोर्स द्यावा लागतो), पण त्यातून निघणारे गर्बर (बोर्ड बनवायच्या फाइली) तुमचेच. सिंबॉल-फूटप्रिंटच्या (पार्टची चिन्हं आणि बोर्डवरच्या जागा) लायब्ररीलाही तशी सूट दिलेली आहे.

कुपवाडकर
टायनीजीएसएम (मोडेमसाठी), रेडिओहेड (लोरासाठी), पबसबक्लायंट (एमक्यूटीटीने सर्व्हरशी निरोपांसाठी). आणि नग फक्त ट्रायलला देतोय, विकत नाही.

मिरजेचा_सोल्डर
फुकट दिला तरी नग दुसऱ्याच्या ताब्यात गेला की ते वितरणच.
अडचण रेडिओहेडची. ते जीपीएल आहे आणि तुमच्या कोडसकट चिपमध्ये जाणारी एकच बिन फाइल बनते, म्हणजे अख्खं फर्मवेअर जीपीएलखाली. एकतर त्यांचं पैसे भरून मिळणारं लायसन्स घ्या, नाहीतर रेडिओलिब टाका, एमआयटी आहे, फक्त नोटीस द्यावी लागते. पण रेडिओहेड प्रत्येक पॅकेटच्या पुढे ४ बाइटचं हेडर लावतं (टू, फ्रॉम, आयडी, फ्लॅग्ज). टाकीवरचा नोड (लेव्हल पाठवणारं यंत्र) जुन्याच कोडवर राहिला तर डेटा ४ बाइट सरकलेला दिसेल. दोन्हीकडे एकदमच बदला.
टायनीजीएसएम एलजीपीएल ३. स्वतःचा सोर्स द्यायची गरज नाही, पण ग्राहकाला लायब्ररी बदलून पुन्हा लिंक करता आलं पाहिजे, म्हणून मागितल्यास तुमच्या .ओ फाइली (कंपाइल झालेले तुकडे) आणि लिंक करायची कृती द्यावी लागते. आर्डुइनो कोअर एलजीपीएल २.१, तिथेही तेच. पबसबक्लायंट एमआयटी, माहितीपत्रकात नोटीस छापली की झालं.
सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं फर्मवेअर चालू देणारं कुलूप) लावलंय का?

लोरावाला
लोरा ४३३ मेगाहर्ट्झवर आहे का? रेडिओहेडचा डिफॉल्ट ४३४ मेगाहर्ट्झ असतो. आपल्याकडे ८६५-८६८ विनापरवाना आहे. डब्ल्यूपीसीचं (केंद्राचं वायरलेस खातं) ईटीए, म्हणजे रेडिओ उपकरणाची मंजुरी, घेतलंत का?

कुपवाडकर
सिक्युअर बूट आहे, कोड चोरतात म्हणून.

मिरजेचा_सोल्डर
मग एलजीपीएल ३ मध्ये अडकाल. घरगुती वापराची वस्तू असेल तर बदललेलं फर्मवेअर चालवायची सोयही द्यावी लागते. तुमच्या सहीच्या किल्लीशिवाय ते बूटच होणार नाही.

प्रोटो_सातारा
शेतीपंप घरगुती कसा?

मिरजेचा_सोल्डर
तोच स्टार्टर बंगल्याच्या बोअरलाही बसतो. शंका असेल तर वस्तू घरगुतीच धरायची, असं लायसन्समध्येच लिहिलंय. आणि सिक्युअर बूटसाठी चिपमधला ई-फ्यूज एकदा जाळला की परत येत नाही, त्यामुळे २५ नगांवर लावायच्या आधी ठरवा.

कुपवाडकर
टायनीजीएसएमऐवजी काय?

प्रोटो_सातारा
ईएसपी-मोडेम, अपाचे. आयडीएफवर या म्हटलं ते उगाच नाही.

मिरजेचा_सोल्डर
एका आठवड्यात अख्खा कोड आयडीएफवर नेणार? त्यापेक्षा एटी कमांड (मोडेमला पाठवायच्या मजकुरी आज्ञा) थेट लिहा. एसएमएस आणि एमक्यूटीटीपुरत्या मोजक्याच लागतात, मोडेमच्या मॅन्युअलमध्ये आहेत. टायनीजीएसएममधून कॉपी मात्र करू नका.

लोरावाला
४३३ की ८६५, ते राहिलंच.