रोज पोस्ट टाकून धंद्यात विश्वास बसतो का? सोलापूरकरांनो बोला

टॉवेलमाग_अक्कलकोटरोड
आमच्या एमआयडीसीत निम्म्या लोकांचं म्हणणं, फेसबुक इन्स्टा हा रिकामटेकड्यांचा उद्योग, माल चांगला असला की गिऱ्हाईक आपोआप येतंय. मला हे अजिबात पटत नाही म्हणून धागा काढला. अहो गिऱ्हाईक आता चाटी गल्लीच्या कापडबाजारात येऊन गादीवर बसतंय कुठं, इंदूरचा हॉटेलवाला तिथं बसून मोबाइलवर बघतो आणि ठरवतो, त्याला तुमच्या वडिलांची पत काय माहीत? त्याला दिसतात ते दहा जणांच्या पेजवरचे तेच ते चकचकीत फोटो आणि खाली "उत्तम दर्जा, वाजवी दर".

मी काय करतो सांगतो. टॉवेलचा 10 सेंमी बाय 10 सेंमी तुकडा कापायचा, बारीक काट्यावर ठेवायचा, जेवढे ग्रॅम भरतील त्याला 100 नं गुणायचं, झाला जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. साडेचार ग्रॅम भरला तर 450. बाजारात 450 सांगून 380 चा माल गळ्यात मारणारे आहेत, हे लाइनमधल्या सगळ्यांना माहितीये. मी प्रत्येक लॉटचा तुकडा कॅमेऱ्यासमोर कापतो, आधी काटा झीरो करून दाखवतो, गाणं नाही काही नाही, मागाचा खडखडाट तेवढा ऐकू येतो, आणि वजन कमी भरलं तरी व्हिडिओ तोच जाणार हे ठरलेलं. दुसरं म्हणजे गड्डा. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, कामगार सुट्टीवर, माग निम्मे बंद. बाहेरगावच्या पार्टीला नंदीध्वज काय माहीत, तिला माल लेट झाला एवढंच कळतं. म्हणून डिसेंबरातच पोस्ट टाकतो की त्या आठवड्यात डिलिव्हरी धरू नका.

व्ह्यू फार येत नाहीत. पण हे बघून जी पार्टी फोन करते ती दर पाडत बसत नाही, डायरेक्ट लॉट विचारते. मला वाटतं विश्वास असाच बसतो, वर्षभर तेच खरं काम दाखवत राहिल्यानं.

चाटीगल्ली_जुना
तू काय बोलूलालास ते कळतंय बाळा, पण पटंना. विश्वास म्हणजे चेक वटतो का, उधारीची तारीख पाळतो का, डागी माल निघाला तर गाठोडं मुकाट परत घेतो का. ह्यातलं व्हिडिओत काय दिसतंय सांग. पूर्व भागात तोंडच्या शब्दावर सूत उचललेलं मी बघितलंय, चिठ्ठी पण नसायची, आणि पैसा घरपोच यायचा. पोस्ट खोटा माणूस पण रोज टाकू शकतो की.

अजून एक, नवीन डिझाइन तू आज दाखवूलालास, आठवड्यात तेच डिझाइन शेजारच्या शेडमध्ये दहा रुपये कमीनं निघतंय. त्याची भरपाई कोण देणार? आणि जीआय, म्हणजे त्या भागातल्या मालालाच ते नाव, म्हणशील तर सोलापुरी चादरीला 2005 च्या आसपासच मिळालंय, कायद्याचा शिक्का. तरी दुसरीकडं विणलेली चादर सोलापुरी म्हणून रस्त्यावर विकूलालेतच ना. शिक्क्यानं जे थांबलं नाही ते तुझ्या रीलनं थांबणार व्हय?

युनिफॉर्मवाली_ताई
काकांच्या बाजूनं. आमचं शाळेच्या युनिफॉर्मचं काम, मार्च ते जूनला जेवायला वेळ नसतो, तेव्हा रोज पोस्ट कुणी टाकायची? एका पर्सनल ब्रँडिंगवाल्याला पैसे देऊन बघितले, त्यानं महिनाभर सुविचार टाकले आणि कुठल्या तरी परक्या कारखान्याचे फोटो. आमच्या एका जुन्या संस्थाचालकांनी फोन करून विचारलं, मॅडम हे तुमचंच युनिट आहे का? म्हणजे होता तो विश्वास पण हलला. सातत्य सातत्य म्हणून सगळे ओरडतात, पण सातत्याच्या नादात खोटं भरायला लागतं त्याचं काय. हल्ली तर मजकूर पण मशीनकडून लिहून घेतात, पाच पानं उघडा, पाचही ठिकाणी एकच भाषा.

वकील_जुळेसोलापूर
माझा मुद्दा वेगळा आहे आणि तो दोन्ही बाजूंना टोचेल. वकिलाला जाहिरात करता येत नाही, बार कौन्सिलचा नियम 36 आहे. 2008 मध्ये एवढीच सूट मिळाली की वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, शिक्षण, कामाचं क्षेत्र असलं साधं द्यावं. त्यामुळं "अमुक केस जिंकली" असं लिहिणारे वकील बघितले की मला काळजी वाटते, नियमाची तर आहेच पण त्या पक्षकाराचीही, कारण त्याची भानगड गावभर झाली. टॉवेलमाग, तुम्ही खरं काम दाखवा म्हणता, माझं खरं काम दाखवायचंच नसतं.

पण म्हणून गप्प बसावं असंही मला वाटत नाही. माहिती देता येते. आपल्या पेठांत चेक न वटल्याची रड रोजची आहे, आणि लोक मुदत घालवून बसतात. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो हातात पडल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस, ते उलटले की एक महिन्यात कोर्टात तक्रार. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम 138. हे मी दर थोड्या दिवसांनी पुन्हा लिहिते, खाली "माझ्याकडे या" असं एक अक्षर नसतं. काका, तुमच्या गादीवर हे माहीत असलेले किती जण आहेत ते विचारून बघा.

खाऊगल्ली_सातरस्ता
खाण्याच्या रीलवाल्यांबद्दल कोणीच बोललं नाही. फुकट ताट खाऊन "सोलापुरातली नंबर एक शेंगा चटणी" म्हणायचं आणि पैसे घेतले ते सांगायचंच नाही. केंद्राच्या ग्राहक खात्यानं जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलंय की पैसे, भेटवस्तू, फुकट सेवा काहीही घेतलं असेल तर ठळक सांगा. आपल्याकडं पाळतंय कोण? ह्या लोकांमुळं खरं लिहिणाऱ्यावर पण शंका येते.

टॉवेलमाग_अक्कलकोटरोड
ताई, तुमचं जे झालं ते वाईटच, पण ते पोस्टमुळं नाही, दुसऱ्याचा कारखाना आपला म्हणून दाखवल्यामुळं झालं. रोज टाका असं मी म्हणतच नाही. सीझनमध्ये आठवड्याला एकच पोस्ट टाका, पण तुमच्याच शिवणकामाची, कॉलरच्या आतली शिलाई, खिशाच्या कोपऱ्यावरचा टाका दाखवा. पालक तेच बघतात, कारण तिथंच पहिलं उसवतंय.

वकील मॅडमचं शंभर टक्के मान्य, दुसऱ्याची गुप्त गोष्ट पोस्टवर नकोच. मी पण पार्टीचं नाव कधी टाकत नाही.

काका, डिझाइनचं तुमचं बरोबर आहे, म्हणून मी नवीन डिझाइन माल रवाना होईपर्यंत दाखवत नाही. पण चादरीचं उदाहरण उलट माझ्याच बाजूचं झालं. बनावट खपतंय कशामुळं? घेणाऱ्यानं खरी चादर मागावर कशी चढते ते बघितलेलंच नसतं. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, नक्षी दोन्ही अंगांनी कशी उठते, हे आपण दाखवलं नाही तर त्यानं ओळखायचं कशावरनं? चेक वटण्याची गोष्ट पहिल्या सौद्यानंतरची आहे. पहिला सौदाच कशावर करायचा, अनोळखी माणसानं, ह्याचं उत्तर तुम्ही दिलंच नाही.

चाटीगल्ली_जुना
पहिला सौदा ओळखीनंच होतो, माझं मत तेच. दलाल कशाला असतो मग? दलाल दोन्हीकडची पत जाणतो, बुडालं तर त्याचं तोंड काळं होतं. मोबाइलचं तोंड काळं होत नाही.

आणि तुझ्या काट्याबद्दल एक विचारतो. कोरा टॉवेल तोललास तर त्यात खळ असतीया, वजन फुगून दिसतंय. एक धुणं झालं की 450 चा किती राहतो ते दाखवूलालास का?

टॉवेलमाग_अक्कलकोटरोड
काका, कोरा माल तोलतच नाही. आधी धुऊन, वाळवून, मगच तुकडा कापतो, आणि धुतल्यावर लांबी किती आकसली ते टेप लावून त्याच व्हिडिओत असतं. तुम्ही शेडवर या. येताना तुमच्या गादीवरचा कुठल्याही मिलचा एक टॉवेल घेऊन या, दोन्ही एकाच बादलीत धुऊ आणि एकाच काट्यावर ठेवू. व्हिडिओ टाकायचा का नाही ते तुम्ही ठरवा.