गृहपाठ वहीत की मोबाईलवर?

सत्तरीचा मास्तर:
परवा पालकसभेत एकाने विचारले, "शेजारची शाळा व्हिडिओ पाठवून गृहपाठ देते, तुम्ही अजून वहीतच?" आमची गोव्यातली सरकारी मराठी प्राथमिक शाळा, पट 19. त्यांतल्या 11 घरांत प्रत्येकी एकच मोबाईल. तो सकाळी बापाबरोबर कामाला जातो आणि रात्री आठला परततो, तेव्हा पोर पेंगत असते. ज्या कामाला गुण आहेत ते मोबाईलवाचून अडू नये, एवढेच माझे म्हणणे.

फोंडेकर:
मास्तर, राग मानू नका, पण मग उरलेल्या 8 जणांनी थांबायचे? हीच पोरे पाचवीपासून इंग्रजीत शिकणार, पुढे कोडिंग-रोबोटिक्सचे तासही आहेत. मला अकरावीत गोवा सरकारच्या सायबरएज योजनेचा संगणक घरी मिळाला, त्यावरच आज पोट भरतोय.

सत्तरीचा मास्तर:
तुम्हाला आधी संगणक मिळाला, मग अभ्यास. इथे आधी अभ्यास येतो, मोबाईलचे घरच्यांनी बघावे!

सांगेची बाय:
2020 मध्ये आमच्याकडची मुले रेंजसाठी डोंगर चढायची. पेपरांत फोटो आले, लोक हळहळले, विसरले. अजूनही पावसात वीज गेली की थोड्या वेळाने रेंजही जाते. व्हिडिओ वर्गात दाखवा ना, घरी कशाला धाडता?

म्हापशाची आई:
आमच्याकडे मोबाईल आहे, रेंज आहे. मुलगा सातवीत, त्याला दिसत नाही. मोबाईलमधले टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचे बोलून दाखवणारी सोय, त्याला मराठी मजकूर वाचून दाखवते. पण शाळेतून येतो तो वहीच्या पानाचा फोटो, आणि त्यातली अक्षरे टॉकबॅक आपणहून वाचत नाही. टाइप करून पाठवा म्हणून तीनदा विनवले. "बाकीच्यांना चालते ना?" हे उत्तर. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे नाव काढले तेव्हा कुठे दोन विषय टाइप होऊन आले. गणिताचा अजून फोटोच.

फोंडेकर:
बाई, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. पण मास्तर, बघा, तुमची वही या मुलाच्या काय कामाची? तिच्यापेक्षा टाइप केलेला मोबाईलच बरा की.

सत्तरीचा मास्तर:
लागले हे. माझ्या वर्गात असे मूल नाही, म्हणून विचारच केला नाही. शाळेत एक टॅब आहे. फुटला तर भरपाई कोणी द्यायची, या भीतीने कपाटात कुलूपबंद आहे. सोमवारी काढतो. चार्जर सापडला पाहिजे.