पोरीचा गुडघा कट् करून वाजला, आता फुटबॉल बंद करायचा काय?

पेठेतली_आई:
पोरगी १४ ची हाय, दोन वर्षं झाली फुटबॉल खेळायलीय. रविवारी गांधी मैदानात बॉल घेऊन वळताना गुडघा आत गेला आणि कट् असा आवाज आला म्हणे, कुणाचा धक्का न्हाई काय न्हाई, संध्याकाळपर्यंत नारळाएवढी सूज. एक्स-रे काढला, हाड नीट हाय म्हणाले. आता चालतीय पण जिना उतरताना गुडघा सटकल्यागत होतंय. सासूबाई म्हणतात हाडवैद्याकडं न्या, हे म्हणतात पोरींचे गुडघे नाजूकच, खेळ बंद. तिनं तर रडून रडून जेवण सोडलंय.

तांबडा_पांढरा:
टेन्शन घेऊ नका वैनी, लेप लावा, गरम पट्टी बांधा, आठ दिवसांत मैदानात.

जुनी_डावी_विंग:
भावा असलं सांगू नको रे. मी पण अशीच शेकत बसलो (होय बाईच हाय, कोल्हापूरची हाय म्हणून 'बसलो'), तीन आठवड्यांनी शाहू स्टेडियमला उतरलो आणि परत सटकला, त्यात आतली गादी पण फाटली. वैनी, एक्स-रेत लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा पट्टा) दिसतच न्हाई. ऑर्थोला गुडघा हातानं ओढून बघायला सांगा, गरज वाटली तर ते एमआरआय लिहून देतील. ऑपरेशन झालं तर निदान ९ महिने मैदान विसरा, आणि घाई करू नका, मी केली.

फिजिओ_रंकाळा:
वरचं बरोबर आहे. सूज पहिल्या काही तासांतच आली म्हणजे एसीएल, गुडघ्याच्या आतलं मुख्य लिगामेंट, फाटल्याची शंका घ्यायचीच, तोवर मालीश, शेक, हाडवैद्याचं जोरात ओढणं काही नको. आणि नाजूक वगैरे काही नसतं हो. वयात येताना उंची-वजन भराभर वाढतं, कुल्ल्याची आणि मांडीमागची ताकद मागं राहते, मग उडीवरून उतरताना गुडघे आत झुकतात. टीममधल्या बाकीच्या पोरींना पायरीवरून उडी मारायला लावा आणि समोरून मोबाईलवर शूट करा, लगेच दिसेल. फिफाचा इलेव्हन प्लस नावाचा २० मिनिटांचा वॉर्मअप आहे, धावणं, प्लँक, एका पायावर तोल, उड्या. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या पोरींवर करून बघितला, २००८ साली छापून आलं, गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्या झाल्या. आपल्याकडं दोन राऊंड मारले की झाला वॉर्मअप! एक विचारू, पाळी नीट येते का?

पेठेतली_आई:
तेच सांगायचं राहिलं, चार महिने झाले आली न्हाई. मॅडम म्हणाल्या खेळणाऱ्या पोरींचं असं होतंच, बरंच हाय की, कटकट न्हाई. सकाळी नुसता चहा पिऊन पळती प्रॅक्टिसला.

फिजिओ_रंकाळा:
बरं नाही ते. खेळाच्या मानानं खाणं कमी पडलं की शरीर आधी पाळी बंद करतं आणि मग हाडं ठिसूळ व्हायला लागतात, याच वयात तर हाडं भरायची असतात. दुसरी कारणं पण असू शकतात, त्यामुळं गायनॅकला दाखवाच, रक्त तपासून घ्या, हिमोग्लोबिन १२ च्या खाली नको. प्रॅक्टिसच्या आधी केळं नाहीतर भाकरी-दूध, आल्यावर अंडी, उसळ, वर लिंबू पिळून. चहा जेवणाला लागून नको, लोह अंगी लागत नाही.

पेठेतली_आई:
उद्या सकाळचा नंबर लावलाय ऑर्थोचा. शूज पण भावाचे जुने घालती, एक नंबर मोठे, ते पण सांगू काय डॉक्टरांना?

जुनी_डावी_विंग:
सांगा की! आणि ते शूज आधी भावाला परत द्या 😄